गोळ्या मोजताना

अक्का डबी उलटी करतात आणि उरलेल्या गोळ्या माझ्या टेबलावरच्या स्टीलच्या ताटलीत ओततात. मी पट्टीच्या टोकानं त्या एकेक करून बाजूला सारते. मागच्या वेळी दिल्या तीस, मधे दिवस गेले अठ्ठावीस, उरल्या दोन. बरोबर. त्यांच्या हिरव्या पुस्तकात त्या रकान्यात शंभर टक्के लिहिते. अक्कांचा चेहरा अशा वेळी शाळेत पाढे न अडखळता म्हणून दाखवलेल्या मुलीसारखा होतो.

सातारा-सांगलीच्या पट्ट्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या मिळतात तिथे, मी समुपदेशक आहे. सोळा वर्षं झाली. एचआयव्हीसह जगणारी माणसं महिन्या-दोन महिन्यांनी येतात, गोळ्या मोजून देतात, नव्या घेऊन जातात. या सोळा वर्षांत मी गोळ्या किती मोजल्या असतील याचा हिशेब करवत नाही. माझे प्रश्नही ठरलेले. गोळी चुकली का? उलटी, चक्कर? खोकला, ताप, वजन? घरी कुणाला सांगितलंय? हे सगळे प्रश्न गरजेचेच होते. पण एक प्रश्न त्यांत नव्हता, आणि तो नसल्याचं मला त्या दिवशी कळलं, ज्या दिवशी अक्का गोळ्यांची डबी पिशवीत टाकून उठल्या आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर रुपयाएवढा लाल डाग राहिला.

त्यांनी तो मागं वळून पाहिला आणि काही न बोलता पदराच्या टोकानं पुसला. असं पुसायची सवय झालेली बाई जशी पुसेल तसा.

अक्कांची पाळी जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. "किती दिवस होतंय हे?" म्हणून विचारलं. आधी "कधीमधी" म्हणाल्या. मग दार लोटून घेतलं तेव्हा बोलल्या. आठ महिने. आधी नुसतं पांढरं, वास येणारं. मग लाल. कंबर दुखते, पण ती काय, आयुष्यभर दुखतेच आहे. मी म्हटलं, "अक्का, आठ महिन्यांत आठ वेळा भेटलो आपण. एकदाही बोलला नाहीत?" त्या म्हणाल्या, "तुमीच म्हनला न्हवं, रिपोर्ट लई चांगला हाय म्हनून. मग म्हटलं, आतलं समदं बरंच असंल."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

मी खरंच म्हटलं होतं तसं. त्यांचा व्हायरल लोड 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' आला होता, म्हणजे रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडला नव्हता. त्या कागदावर हात ठेवून मी म्हटलं होतं, अक्का, अगदी छान. आणि जे मी एका विषाणूबद्दल बोलत होते, ते त्यांनी सगळ्या शरीराबद्दल ऐकलं. त्यांनी चुकीचं ऐकलं असं मला म्हणवत नाही. आम्हीच इतकी वर्षं सगळ्या तब्येतीचा निकाल त्या एका कागदावर लावत आलो होतो.

एचआयव्ही रक्तातल्या ज्या पहारेकरी पेशी मारतो, त्या सीडी फोर. आमच्याकडे लोक त्यांना नुसतं 'पेशी' म्हणतात. "माझ्या पेशी किती आल्या?" हा प्रश्न एके काळी जगण्यामरण्याचा असायचा. अक्का २००६ मध्ये आल्या तेव्हा त्यांच्या पेशी चौऱ्याऐंशी होत्या. ही गोष्ट त्यांच्या पांढऱ्या कार्डावर माझ्या आधीच्या समुपदेशकाच्या अक्षरात आहे. नवरा मुंबईला माथाडी कामगार, मसाला बाजारात पोती वाहायचा, २००३ मध्ये गेला. सासरच्यांनी ताट-वाटी वेगळी केली. सरकारनं मोफत एआरटी सुरू केली ती १ एप्रिल २००४ ला, देशातल्या आठ रुग्णालयांत, त्यात आपल्याकडचं मुंबईचं जे. जे. होतं. मग ती हळूहळू जिल्ह्यांपर्यंत आली. पण तेव्हा नियम असा होता की पेशी दोनशेच्या खाली उतरल्या तरच गोळी सुरू करायची. औषधं तुटपुंजी, रुग्ण अमाप, त्यामुळे जो मरणाच्या जास्त जवळ त्याला आधी. मग ती मर्यादा साडेतीनशे झाली, मग पाचशे, आणि २०१७ पासून पेशी कितीही असोत, निदान झालं की गोळी. आज बावीस वर्षांचा मुलगा येतो आणि आठवड्याभरात त्याची गोळी सुरू होते. अक्कांच्या पिढीला ही वर्षं मिळाली नाहीत. त्यांच्या पेशी शंभराच्याही खाली जाईपर्यंत वाट पाहावी लागली, आणि त्या वाट पाहण्याच्या वर्षांत शरीरात दुसरं काहीतरी शांतपणे घर करत होतं.

ते दुसरं म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, एचपीव्ही. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हातरी तो लागतोच. निरोगी शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकून लावतं आणि बाईला पत्ताही लागत नाही. पण पहारेकरीच झोपलेले असतील तर तो जात नाही. गर्भाशयाच्या मुखाशी, आमच्या बायकांच्या भाषेत पिशवीच्या तोंडाशी, तो ठाण मांडतो आणि तिथल्या पेशींचं वागणं बदलत जातं. धडधाकट प्रतिकारशक्तीच्या बाईत यातून कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात. एचआयव्ही असून उपचार नसतील तर पाच ते दहा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला हा कॅन्सर होण्याची शक्यता इतर बायकांच्या सहापट असते. गोळी सुरू झाल्यावर पेशी वाढतात, धोका कमी होतो, पण मधल्या काळात जे होऊन बसलं ते सगळं पुसलं जात नाही. आणि एचपीव्ही त्या व्हायरल लोडच्या कागदावर कधीच दिसत नाही. त्या तपासणीत तो शोधलेलाच नसतो.

मला एक योगायोग फार लागून राहिला आहे. २००८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोन शोधांना वाटून दिलं गेलं. अर्धं हाराल्ड त्सुर हाउझेन यांना, एचपीव्हीमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो हे दाखवल्याबद्दल. उरलेलं अर्धं फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांना, एचआयव्हीच्या शोधाबद्दल. एकाच वर्षी एकाच मंचावर हे दोन विषाणू शेजारी उभे केले गेले. आणि आमच्या इमारतीत एआरटी केंद्र तळमजल्यावर, स्त्रीरोग विभाग दुसऱ्या मजल्यावर, आणि मधल्या जिन्यानं माझ्या हातची चिठ्ठी घेऊन वर गेलेली बाई मला पहिल्या काही वर्षांत तरी आठवत नाही.

खरं तर एड्सची जगाला जी अगदी सुरुवातीची ओळख झाली, तिच्यातही कॅन्सर होता. जुलै १९८१ मध्ये न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या सव्वीस समलिंगी पुरुषांच्या अंगावर कापोसी सार्कोमाचे जांभळे डाग सापडल्याची नोंद अमेरिकेच्या साथरोग केंद्रानं छापली. एरवी हा कॅन्सर म्हाताऱ्या माणसांत, तोही क्वचित दिसणारा. तेव्हा एचआयव्ही हे नावसुद्धा नव्हतं. हे डाग आणखी एका विषाणूमुळे येतात हे समजायला १९९४ उजाडलं. मधे १९९३ मध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर एड्सच्या व्याख्येत घातला गेला. त्याआधीची बारा वर्षं ही व्याख्या मुख्यतः पुरुषांची शरीरं पाहून बनली होती. बायकांची गोष्ट उशिरा कळते हा प्रकार आमच्या तालुक्यापुरता नाही तर.

कापोसी आपल्याकडे फारसा दिसत नाही, मी सोळा वर्षांत एकच पाहिला. आपल्याकडे जे दिसतं ते पिशवीच्या तोंडाचं, आणि लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर. आणि तोंडाचा, घशाचा.

तोंडाच्या कॅन्सरबद्दल बोलायचं तर मिश्रीबद्दल बोलायलाच हवं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटानं दातांना लावून चुलीपुढं बसायचं. आमच्या भागात ही दात घासायची रीत मानली जाते, व्यसन नाही. माझी आजी लावायची. त्या भाजण्याचा वास मला अजून आवडतो, हे कबूल करते. मी "तंबाखू खाता का?" असं विचारायचे, तेव्हा बायका मान हलवून नाही म्हणायच्या आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. "मिश्री लावता का?" म्हटल्यावर निम्म्याअधिक हसून हो म्हणतात. पुरुषांचं तंबाखू-चुना उघड असतं, म्हणून निदान विचारलं तरी जातं. एचआयव्ही नसलेल्यालाही तंबाखू सोडत नाही, मग ज्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती कायम चढउतार सोसत आली आहे त्याचं काय. गोळी विषाणूला दाबून ठेवते, तरी आतली धुसफूस, शरीराची सतत पेटलेली मंद दाहकता, पूर्ण विझत नाही असं डॉक्टर सांगतात. त्यात वय. १९९६ नंतर, तीन औषधं एकत्र द्यायला लागल्यावर, अमेरिकेत कापोसी झपाट्यानं ओसरला. पण माणसं जगायला लागली, पन्नाशी-साठी ओलांडायला लागली, आणि फुफ्फुस, यकृत, गुदद्वार अशा कॅन्सरचा वाटा वाढला. गोळीनं आयुष्य दिलं आणि त्या आयुष्याबरोबर म्हातारपणाची दुखणीही आली. हे दुःखाचं आहे असं मला वाटत नाही. २००६ मध्ये चौऱ्याऐंशी पेशींच्या अक्कांना म्हातारपण येईल असं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी ओवाळलं असतं त्याला.

हे वाचून कुणाला वाटेल की मग गोळीचा उपयोग काय, म्हणून इथं जरा थांबून सांगते. असा प्रश्न मला केंद्रात खरोखर विचारला गेला आहे, "गोळीनंच कॅन्सर होतो का?" म्हणून. नाही. उलट आहे. 'स्टार्ट' नावाचा एक मोठा अभ्यास पस्तीस देशांत झाला, २०१५ मध्ये त्याचा निकाल आला. पेशी चांगल्या असताना लगेच गोळी सुरू केलेला एक गट, आणि पेशी कमी होईपर्यंत थांबलेला दुसरा. थांबलेल्यांत ३९ जणांना कॅन्सर झाला, लगेच सुरू केलेल्यांत १४ जणांना. गोळी ही कॅन्सरविरुद्धचीही पहिली भिंत आहे. पण एकटी भिंत म्हणजे घर नव्हे, आणि मी वर्षानुवर्षं लोकांना फक्त भिंत दाखवून परत पाठवत होते.

अक्कांना त्याच दिवशी मी हाताला धरून जिना चढवला. तुकडा काढून तपासणीला गेला, दहा दिवसांनी रिपोर्ट आला. दुसरी पायरी, म्हणजे आजार पिशवीच्या तोंडाबाहेर आजूबाजूला सरकलेला, पण अजून हाताबाहेर गेलेला नाही. ऑपरेशन नाही, पाच आठवडे लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यायचे, आठवड्याला एक केमो आणि शेवटी आतून लाईट.

अक्कांनी आधी विचारलं ते हे: "पिशवी काढत न्हाईत न्हवं?" ऊसतोडीला गेलेल्या त्यांच्या दोन मावसबहिणींच्या पिशव्या तिशीतच काढलेल्या. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या अशा ऑपरेशनांच्या बातम्या आल्या, विधिमंडळात गाजल्या, तेव्हापासून आमच्याकडे 'खालची तपासणी' म्हटली की बायकांना पुढचं ऑपरेशनच दिसतं. दुखणं नसताना पिशवी काढलेल्या बायका आणि दुखणं असून तपासणी न झालेल्या बायका एकाच शिवारात राहतात. मला याचा राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते समजत नाही.

उपचार जिथे होते ते रुग्णालय मोठं, नाव घेत नाही. तिथे त्यांच्या फाइलवर कोपऱ्यात लाल शाईनं खूण केली गेली, आणि लाईटच्या यादीत त्यांचं नाव रोज शेवटी. कारण विचारलं तर, "त्यांच्यानंतर मशीन स्वच्छ करायला वेळ लागतो." बाहेरून लाईट देताना यंत्र अंगाला लागतसुद्धा नाही. सकाळी सातला आलेली बाई दुपारी तीनला आत जायची, उपाशी, कारण मधे खायला गेलं आणि नंबर गेला तर. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि उपचारात असा भेदभाव करायला त्यात स्पष्ट मनाई आहे. मी त्या कायद्याची छापील प्रत पिशवीत घेऊन तिथल्या एका वरिष्ठ डॉक्टरांकडे गेले. त्यांनी प्रत वाचलीही नाही. फाइल मागवली, लाल खूण पाहिली आणि संबंधित माणसाला समोर बोलावून एकच म्हणाले, "या उद्या पहिल्या." दुसऱ्या दिवसापासून अक्का पहिल्या. एवढं सोपं होतं ते. तीन आठवडे उपाशी बसवल्यावर.

त्याच डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट पाहिली जी मलाही सुचली नव्हती. आठवड्याची केमो म्हणजे सिसप्लॅटिन, आणि ती मूत्रपिंडाला जड. अक्कांच्या रोजच्या गोळीतलं टेनोफोव्हिरही मूत्रपिंडालाच जड. दोन्ही एकदम नकोत. त्यांनी आमच्या डॉक्टरांना फोन केला, गोळी तेवढ्यापुरती बदलली गेली. कॅन्सरचा डॉक्टर आणि एआरटीचा डॉक्टर फोनवर पाच मिनिटं बोलले म्हणून एका बाईची मूत्रपिंडं वाचली असतील. खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाला. एसटीचे पैसे आणि डबा आमच्या केंद्रातल्या बायकांनी पाळी लावून पाहिला. त्यांतली एकही अक्कांच्या नात्याची नव्हती.

या सगळ्या काळात मी वाचत गेले. आणि जे सापडलं ते अमेरिकेत किंवा युरोपात नव्हतं, आमच्यापासून एका एसटीच्या अंतरावर होतं. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या आधारानं, टाटा मेमोरियलच्या मदतीनं, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये १९९९ पासून १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आला की आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी झाले. एकदाच! (त्यात एका गटातल्या बायकांची तपासणी केलीच नव्हती, यावर पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या बायका आपल्याच होत्या.) मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांमध्ये टाटाच्या लोकांनी आणखी साधी पद्धत वापरली. वस्तीतल्याच बायकांना शिकवून त्यांच्याकडून व्हिनेगरनं तपासणी करून घेतली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांसाठी अशी तपासणी आणि लगेच उपचार पुण्याच्या 'प्रयास' संस्थेनं करून दाखवले आहेत. आणि तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तिशी ते पन्नाशीतल्या भारतीय बायकांपैकी ही तपासणी एकदा तरी झालेल्या दोन टक्केसुद्धा निघाल्या नाहीत. २०२२ च्या अंदाजानुसार या एका कॅन्सरनं देशात वर्षाला ऐंशी हजारांच्या आसपास बायका जातात.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस एचआयव्ही असलेल्या बाईसाठी वेगळी आहे. इतरांना तिशीपासून तपासा, हिला पंचविशीपासून. इतरांना पाच-दहा वर्षांनी, हिला तीन ते पाच वर्षांनी. लसही आहे, पुण्यात बनते आता, सीरमची सर्वाव्हॅक. खरा फायदा नवव्या ते चौदाव्या वर्षी, संबंध येण्याआधी दिली तर. केंद्रात जन्मापासून एचआयव्हीसह वाढणाऱ्या मुली आहेत माझ्या. त्यांच्या आया लसीचं नाव काढलं की विचारतात, "हिला चालेल का?" चालते. अशा मुलींना तर शक्यतो तीन डोस द्यायला सांगतात.

आमच्या केंद्रात आता गुरुवार ठरला आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर खाली येतात. गोळ्या मोजण्याच्या खोलीशेजारी पडद्याआड एक टेबल, गुडघ्याखाली घ्यायला घडी केलेलं ब्लँकेट, एक दिवा, आणि काचेच्या बाटलीत पातळ केलेलं व्हिनेगर. कापसाचा बोळा त्यात बुडवून पिशवीच्या तोंडाला लावायचा आणि एक मिनिट थांबायचं. बिघडलेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा चट्टा उमटतो. नुसत्या डोळ्यांना दिसतो. चट्टा लहान असेल तर तो तिथेच उष्णतेनं जाळता येतो, पिशवी जागेवर राहते. काही बायका पुढच्या गुरुवारी येते म्हणून जातात आणि येत नाहीत. त्यांच्या गोळ्या घ्यायच्या दिवशी मी पुन्हा विचारते.

अक्कांचे लाईट संपून तीन वर्षं झाली. गोळ्या अजून बिनचूक. त्या केमोच्या दिवसांतही एक चुकली नव्हती. उलटी झाली की थांबून पुन्हा घेऊ का, म्हणून रात्री अकराला फोन करायच्या. मिश्रीची डबी त्यांनी केंद्रातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, ती मी पाहिली. घरी दुसरी असेल तर माहीत नाही. कधी कधी गुरुवारी त्या बाकावर येऊन बसतात. कुणाला समजावत वगैरे नाहीत. एखादी पोर रडायला लागली तर तिची पिशवी धरतात, एवढंच.

परवाच्या गुरुवारी सत्तावीस वर्षांची एक मुलगी आली होती. लग्नाला चार वर्षं, गरोदरपणात निदान झालेलं, लेक निगेटिव्ह. टेबलावर पडली आणि माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. सिस्टरनी बोळा लावला आणि घड्याळाकडे पाहिलं. पडद्याबाहेर रांग वाढत होती. कुणीतरी डबी खुळखुळवत विचारलं, "ताई, गोळ्या मोजायच्यात न्हवं? गाडी जाईल माझी."

"थांबा," मी आतून म्हटलं, "एक मिनिट."